बक्षीस, बिदागी आणि उपदान

मराठीत ‘टीप’ या शब्दाला पूर्वीपासून अनेक अर्थ आहेत. ग्रंथाच्या पानाखाली असते ती टीप, शिंपी कापडावर घालतो ती टीप आणि पोलिसांना खबऱ्याकडून मिळते तीही टीपच. उपाहारगृहात बिलाच्या बशीत आपण जी टीप ठेवतो ती मात्र इंग्रजीतून आली आणि आता आपल्या भाषेत पुरती रुळली आहे. तिच्यासाठी आपला जुना शब्द ‘चहापाणी’. गंमत अशी की जगातल्या अनेक भाषांनी या पैशाला पेयावरूनच नाव दिले आहे. फ्रेंच त्याला ‘पूरब्वार’ म्हणजे ‘पिण्यासाठी’ असे म्हणतात, जर्मन ‘ट्रिंकगेल्ड’ म्हणजे ‘पिण्याचा पैसा’ म्हणतात आणि रशियन माणूस आपल्यासारखाच ‘चहासाठी’ पैसे देतो. गोव्यातल्या मागच्या पिढीला परिचित असलेला पोर्तुगीज शब्द ‘गोर्जेता’ हा तर घशावरून आलेला आहे. काम करणाऱ्याचा घसा ओला व्हावा म्हणून ठरल्या दामावर दिलेले दोन पैसे, अशी ही कल्पना आहे.

हा पेयाचा पैसा ज्याला सर्वांत जास्त वेळा मिळतो, तो स्वतः दिवसभर दुसऱ्यांचे पेले भरत असतो. पर्यटकांच्या मोठ्या बोटींवर, ज्यांना आता सर्रास ‘क्रूझ’ म्हणतात, तेथे दारूच्या फळीमागे उभा असणारा बारमन आणि पेले घेऊन टेबलाटेबलाशी फिरणारा त्याचा जोडीदार, हे या लेखाचे नायक आहेत. या नायकांमध्ये गोवेकर फार. पूर्वी ते सासष्टी-बारदेशचे असत. गेल्या काही दशकांत पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या घरांतूनही मुले बोटीवर जाऊ लागली आहेत. म्हणून बोटीवरच्या बक्षिसाचा इतिहास हा आपल्याच घरच्या मिळकतीचा इतिहास आहे, आणि तो तसा तपासून पाहावयास हवा.

आरंभ आपल्या गावापासून करू. सेवेचा मोबदला देण्याच्या आपल्या जुन्या व्यवस्थेत निरनिराळ्या गोष्टींना निरनिराळी नावे होती, आणि त्यांची सरमिसळ सहसा होत नसे. गावाची व देवळाची नित्याची सेवा करणाऱ्यांना गावकरीने जमीन लावून दिलेली असे. तो त्यांचा हक्क. गवयाला वा कीर्तनकाराला निरोप देताना दिली जाई ती बिदागी. मूळ अर्थाने ती निरोपाची भेट, पण कालांतराने तीच त्याची ठरलेली फी झाली. दिवाळीला शिपाई, पोस्टमन, भंगी यांना दिले जाई ते पोस्त. काम पाहून खूश झालेल्या माणसाने त्या क्षणी काढून दिले ते बक्षीस. आणि जे काम करणे मुळात कर्तव्यच आहे, त्यासाठी अडवून घेतली ती चिरीमिरी. सरकारी नोकरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला या शेवटच्या दोन शब्दांमधली भिंत किती पातळ असते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पेडण्याकडच्या दशावतारी काल्यात ही व्यवस्था अजूनही पाहावयास मिळते. मंडळीचे मानधन देवस्थान किंवा यजमान आधीच ठरवतो. रात्री आरतीचे तबक प्रेक्षकांतून फिरते, त्यात ज्याला जे वाटेल ते तो टाकतो. कोणी नोट टाकतो, कोणी नाणे टाकतो, कोणी नुसताच हात जोडतो. तबकात कमी जमले म्हणून त्या रात्रीचे मानधन कमी होत नाही, आणि जास्त जमले म्हणून यजमान आपला हात आखडता घेत नाही. मानधन ही यजमानाची जबाबदारी, तबक ही प्रेक्षकांची खुशी. हा साधा भेद वाचकांनी मनात ठेवावा. बोटीवरच्या बक्षिसाची सारी कथा हा भेद कसा पुसला गेला, याचीच कथा आहे.

गोवेकर बोटीवर गेला तो एकोणिसाव्या शतकात. १८३७ मध्ये स्थापन झालेली ‘पी अँड ओ’ आणि १८५६ मध्ये वेगळ्या नावाने सुरू होऊन १८६२ पासून ‘ब्रिटिश इंडिया’ म्हणून ओळखली जाऊ लागलेली कंपनी, या दोन ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींनी पौर्वात्य समुद्र व्यापला होता. तिकडे पोर्तुगीज गोव्याचा व्यापार उतरणीला लागलेला होता. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर जकात आणि मिठाचे उत्पादन ब्रिटिशांच्या तंत्राने चालू लागले व गावोगावचे रोजगार आक्रसले. मुंबई जवळ होती. गोवेकर मुंबईला गेला आणि मुंबईहून बोटीवर चढला.

बोटीवर कामाची वाटणी प्रांतवार झालेली होती. डेकवर गुजरात आणि कोकण किनाऱ्यावरचे खलाशी, इंजिनखोलीत पंजाब व सरहद्दीकडचे आगवाले आणि सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या खाण्यापिण्याच्या व राहण्याच्या व्यवस्थेत, गोवेकर. याचे कारण उघड आहे. जुन्या काबिजादीतल्या ख्रिस्ती गोवेकराला गोमांस, डुकराचे मांस आणि दारू यांचा विटाळ नव्हता. पाश्चात्त्य स्वयंपाक, टेबलाची मांडणी, वाद्यसंगीत यांची त्याला ओळख होती. हिंदूला समुद्रोल्लंघनाचा निषेध आडवा येई, आणि तो ओलांडला तरी साहेबाच्या ताटाचा प्रश्न उरेच. कोकणीतल्या ‘तारूं’ या शब्दावरून बोटीवरच्या या माणसाला ‘तारवटी’ हे नाव पडले.

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेडणे तर १७८८ मध्ये, ते पोर्तुगीज अंमलाखाली आले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून येथली देवळे, जत्रा आणि मराठी शाळा टिकून राहिल्या. येथला माणूसही मुंबईला गेला, पण तो पेढीवर, दुकानात, छापखान्यात किंवा गाण्याबजावण्याच्या क्षेत्रात गेला. अशाच मुंबईकर गोमंतकीयांनी १९१९ मध्ये ‘गोवा हिंदू असोसिएशन’ स्थापन केली. तारवटीची वाट मात्र त्याची नव्हती.

मुंबईत तारवट्यांचा आधार म्हणजे ‘कूड’. गोव्यातल्या एकेका गावाने धोबीतलाव, माझगाव अशा भागांत आपापली खोली किंवा मजला घेतलेला असे. अल्प वर्गणीत तेथे पेटी ठेवण्यापुरती जागा, रात्रीची प्रार्थना आणि बोट मिळेपर्यंत आसरा मिळे. विसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत असे तीनशेहून अधिक कूड होते. बोट मिळेपर्यंतचे हे थांबणे कधी आठवड्यांचे, तर कधी महिन्यांचे असे, आणि बक्षिसाच्या अर्थशास्त्राचा पहिला धागा येथेच सापडतो.

सलूनची माणसे नेमताना मुख्य बटलराचा शब्द चाले, जसा डेकवर सारंगाचा चाले. मागणी थोडी आणि उमेदवार पुष्कळ, अशा ठिकाणी शब्दाला किंमत येते. भारतीय खलाशांच्या भरतीतली दलाली आणि लाचखोरी हा विषय १९२२ मध्ये क्लो समितीने तपासला. पुढे १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या व्हिटली आयोगापुढेही तो आला. खलाशी नोकरी मिळवण्यासाठी पैसे देतो, ते बहुधा कर्ज काढून देतो आणि ते कर्ज फेडण्यासाठी पुढची नोकरी धरतो, असे हे चक्र होते. भारतीय खलाशाला त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच थोडे वेतन मिळे. मग कर्ज फिटे कशातून? सलूनच्या माणसाच्या बाबतीत त्याचे उत्तर बक्षिसात होते.

त्या काळच्या प्रवासात बारवर रोख पैसे देण्याची रीत नव्हती. साहेब पेला मागवी आणि ‘चिट’वर सही करी. हा इंग्रजी शब्द आपल्या चिठ्ठीचाच अवतार आहे. सफर संपत आली की चिठ्ठ्यांचा हिशेब होई, आणि उतरण्यापूर्वी ज्याने आपली सेवा केली त्याच्या हाती साहेब काहीतरी ठेवी. साहेबाच्या दृष्टीने ती खुशी होती. घेणाऱ्याच्या दृष्टीने त्यात भरतीचे कर्ज, कुडाची वर्गणी आणि गावच्या घराचे छप्पर होते. मालक मधल्यामध्ये मोकळा होता. माणूस स्वस्तात मिळत होता, कारण उरलेले वेतन प्रवासी देत होता. तबक आणि मानधन यांच्यातला भेद पुसला जाण्यास येथून सुरुवात झाली.

हा प्रकार केवळ वसाहतीतला नव्हता. अमेरिकेत यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शय्यागाड्यांवर प्रामुख्याने नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष नेमले. वेतन इतके अल्प की माणूस प्रवाशांच्या बक्षिसावरच जगावा. बक्षिसासाठी हसणे, नाव बदलून हाक मारली तरी ‘ओ’ देणे, हे त्या नोकरीचे अलिखित कलम झाले. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी संघटना उभारली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९३७ मध्ये, कंपनीशी करार केला. त्यांच्या मागण्यांत बक्षीस वाढवून मिळावे अशी मागणी नव्हती. बक्षिसावाचून जगता यावे इतके वेतन आणि कामाचे ठरलेले तास त्यांना हवे होते.

त्याच देशात, आज आश्चर्य वाटेल, पण बक्षिसावर बंदी घालणारे कायदेही झाले. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने असा कायदा केला, आणखी काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले. समान नागरिकांच्या देशात एकाने दुसऱ्यापुढे हात पसरणे हे लोकशाहीला शोभत नाही, असा त्यामागचा विचार होता. १९२६ पर्यंत हे सारे कायदे रद्द झाले. पुढे १९६६ च्या दुरुस्तीने तर उलट टोक गाठले. मिळणारे बक्षीस किमान वेतनाचा भाग म्हणून धरण्याची मुभा मालकांना मिळाली. परिणामी बक्षीस मिळवणाऱ्या नोकराला मालकाने स्वतः द्यावयाचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवरच थांबलेले आहे. एका देशाने पन्नास-साठ वर्षांत बक्षिसाला आधी गुन्हा ठरवले आणि मग वेतनच ठरवले. क्रूझचा आजचा धंदा मुख्यतः अमेरिकी प्रवाशांवर उभा राहिला, म्हणून हा इतिहास आपल्या तारवट्याच्या खिशापर्यंत पोचतो.

येथे आपल्याकडच्या एका उलट दिशेच्या प्रवासाकडे लक्ष वेधावेसे वाटते. मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धाच्या काळात नफा वाढला, तेव्हा मालकांनी कामगारांना बोनस दिला. काही वर्षे तो मिळत राहिला आणि मग बंद झाला. १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार त्यासाठी संपावर गेले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. तो मालकाच्या खुशीचा भाग ठरला. पण कामगार ते मान्य करून थांबले नाहीत. लवाद, न्यायाधिकरणे आणि सूत्रे यांतून वाट काढत १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला, आणि चाळीस वर्षांपूर्वीची खुशी हक्क बनली.

ग्रॅच्युइटीचेही तेच झाले. या शब्दाचा मूळ अर्थ कृपेने दिलेली देणगी. दीर्घ सेवेनंतर निवृत्त होणाऱ्या नोकराला मालक मनात आले तर देई, नाहीतर न देई. १९७० मध्ये केरळने आणि १९७१ मध्ये पश्चिम बंगालने त्यासाठी कायदे केले, १९७२ मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो हक्क कायम राहिला. सरकारी मराठीत ग्रॅच्युइटीला ‘उपदान’ म्हणतात. शब्दात ‘दान’ राहिले आहे, पण निवृत्त होणारा कोणताही कर्मचारी ते दान म्हणून स्वीकारत नाही. मीही स्वीकारले नाही. ते सेवेच्या वर्षांचा हिशेब मांडून, मूळ वेतनावरून काढलेले आणि न मिळाल्यास न्यायालयात मागता येणारे असे देणे असते.

आता क्रूझवरच्या बारचे बिल पाहावे. पेयाची किंमत, त्याखाली अनेक कंपन्यांत अठरा ते वीस टक्के इतकी आपोआप जोडलेली रक्कम, आणि त्या रकमेला नाव ‘ग्रॅच्युइटी’. शब्द तोच. जमिनीवर तो कृपेपासून हक्कापर्यंत पोचला आणि पाण्यावर पुन्हा प्रवाशाच्या कृपेवर येऊन बसला. एकाच शब्दाचे हे दोन प्रवास मला फार बोलके वाटतात.

बोटीवरची सध्याची रीत थोडक्यात अशी. बऱ्याच कंपन्या प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर दररोज ठरावीक रक्कम लावतात. ती खोली आवरणारे, जेवण वाढणारे आणि काही वेळा पडद्यामागे भांडी घासणारे, कपडे धुणारे यांच्यात वाटली जाते. बारचा हिशेब वेगळा असतो, तेथे प्रत्येक पेल्यामागे टक्केवारी लागते. पावतीवर खाली आणखी एक रिकामी ओळ असते, ती वरची खुशी लिहिण्यासाठी. अनेक प्रवासी आधीची टक्केवारी न पाहता तेथेही आकडा लिहितात. काही प्रवासी याच्या उलट करतात. ते शेवटच्या दिवशी स्वागतकक्षावर जाऊन दररोजची रक्कम कमी करून घेतात. तशी सोय बहुतेक कंपन्यांनी ठेवलेली आहे, कारण कागदोपत्री ती खुशीच आहे. कापल्या गेलेल्या रकमेचा भार कोणावर पडतो, हे त्या प्रवाशाला दिसत नाही.

पेडणे-डिचोलीची मुले या व्यवस्थेत शिरली ती गोवामुक्तीनंतरच्या बदलांमुळे. १९६१ नंतर शाळा वाढल्या, पर्वरीला हॉटेल व्यवस्थापनाची संस्था उभी राहिली, हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यांवर परदेशी पाहुणा आला आणि त्याला पेला भरून देणे हे गावच्या मुलाला परके राहिले नाही. जुन्या विटाळाच्या कल्पना मागे पडल्या. डिचोलीत खाणींनी पुष्कळ काळ हाताला काम दिले. ट्रक होते, सारमानसच्या धक्क्यावरून खनिज वाहणाऱ्या बार्जेस होत्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि पुन्हा सुरू झालेल्या खाणी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. लिलावानंतर काही खाणी पुढे चालू झाल्या, परंतु मधल्या काळात ज्यांनी ट्रक विकले, त्यांच्यापैकी काही घरांतली धाकटी मुले बोटीच्या वाटेला लागली.

त्यांच्यापैकी एका तरुणाने, तो पेडणे तालुक्यातला आणि एका मोठ्या बोटीवर बारमन आहे, आपले पगारपत्रक मला समजावून सांगितले. त्यात मूळ वेतन, जादा तास, रजावेतन अशी खाती होती आणि त्यांच्या बेरजेपेक्षा जड असे ‘ग्रॅच्युइटी’चे खाते होते. करार काही महिन्यांचा. घरी असतानाचे दोन महिने बिनपगारी. तो समाधानी होता. गावात याच्या निम्मेही मिळाले नसते, असे त्याने स्वच्छ सांगितले. मात्र घरासाठी कर्ज काढायला गेल्यावर अधिकाऱ्याने कराराचे मूळ वेतन काय ते विचारले आणि बाकीच्या आकड्यांवर पेन्सिलीने रेघ मारली. महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही ही रेघ ओळखीची वाटेल. उत्पन्नाचा दाखला असो, भरपाईचा हिशेब असो की निवृत्तिवेतनाची गणना असो, सारे शास्त्र मूळ वेतनाभोवती फिरते. खुशीच्या पैशावर जगता येते, पण त्याच्या भरवशावर पुढचे काही बांधता येत नाही.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे जगभरच्या क्रूझ बोटी थांबल्या, तेव्हा हे फार कठोरपणे दिसून आले. कर्मचारी बोटींवर अडकले होते. ‘मरेला डिस्कव्हरी’ या बोटीवरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी २३ एप्रिलला मुंबईत उतरवले गेले. त्यांत गोव्याचे बरेच होते. इतर बोटींवरचे कित्येक जण त्यानंतर कैक आठवडे खोळंबले. प्रवासी नाही म्हटल्यावर पेला नाही आणि पेला नाही म्हटल्यावर टक्केवारी नाही. मालकाने ज्या वेतनाची जबाबदारी कधी घेतलीच नव्हती, ते वेतन कोणाकडे मागावे, याला उत्तर नव्हते.

याच्या विरुद्ध बाजूही नीट मांडली पाहिजे. बक्षिसाने सेवा चांगली होते, असे प्रवासी म्हणतात. त्याहून वजनदार म्हणणे खुद्द बारमनचे आहे. ज्याचे हात चपळ, ज्याला पाहुण्याचे नाव आणि त्याचे पेय दुसऱ्या दिवशी आठवते, त्याला आपल्या कसबाचे फळ लगेच रोख मिळते. सर्वांची मिळून वाटणी केली तर तो नाराज होतो, आणि त्याची नाराजी गैर म्हणता येणार नाही. उलट, बर्फ आणून देणारा, पेले धुणारा, कोठारातून पेट्या उचलणारा यांच्यावाचून ते कसब उभेच राहत नाही, पण त्यांना पाहुण्याचा चेहरा कधी दिसत नाही. सामाईक पेटीत त्यांना वाटा मिळतो. वाटणीचा हा तंटा खरा आहे. मात्र वाटणीचे भांडण नोकरानोकरांत चालू असेपर्यंत, मूळ वेतन इतके कमी का, हा प्रश्न मालकाकडे जातच नाही, हेही तितकेच खरे.

जगात या प्रश्नावर काही ठोस पावले पडली आहेत. हॉटेले आणि उपाहारगृहे यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९१ मध्ये केलेल्या १७२ क्रमांकाच्या करारात एक नेमके तत्त्व सांगितले आहे. बक्षीस काहीही मिळो, कामगाराला ठरलेल्या मुदतीने मूळ मोबदला मिळालाच पाहिजे. काल्याचे तबक आणि मानधन यांच्यातला आपला जुना भेदच येथे कायद्याच्या भाषेत आला आहे. खलाशांसाठीच्या २००६ च्या सागरी श्रम कराराने, जो भारताने २०१५ मध्ये स्वीकारला, नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास मनाई केली. क्लो आणि व्हिटली यांच्यापुढे आलेल्या दुखण्यावरचा हा इलाज इतक्या उशिरा आला, आणि तोही कागदावर आहे म्हणून दलाल नाहीसे झाले असे कोणी समजू नये. ब्रिटनमध्ये बक्षिसाची सर्व रक्कम मालकाने कपात न करता नोकरांना न्याय्य रीतीने वाटावी, असा कायदा २०२३ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २०२४ पासून तो लागू आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये उपाहारगृहांना बिलात सेवाशुल्क आपोआप जोडण्यास मनाई केली, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. त्यात ग्राहकाचा विचार झाला आहे. वाढप्याच्या वेतनाचा विचार मात्र अजून तितक्याच आस्थेने व्हावयाचा आहे.

ज्या ‘पी अँड ओ’च्या बोटींनी गोवेकराला समुद्र दाखवला, तिच्या नावाने आज चालणाऱ्या क्रूझ कंपनीचे उदाहरण शेवटी देतो. प्रवाशांकडून जमणारे बक्षीस त्यांनी दिलेल्या गुणांशी निगडित बोनसच्या रूपाने नोकरांना देण्याच्या योजनेच्या बातम्या २०१२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांत आल्या आणि त्यावर बरीच टीका झाली. मे २०१९ पासून त्याच कंपनीने प्रवाशांवर लावले जाणारे दैनंदिन बक्षीस बंद केले आणि तो खर्च भाड्यात सामावून घेतला. म्हणजे बक्षीस ही समुद्राची अटळ रीत नाही. मालकाने ठरवले तर ती बदलते, आणि तशी ती बदलल्याने बोटी ओस पडलेल्या नाहीत.

आपल्यापैकी कोणी सहलीला बोटीवर जाईल. हल्ली मुंबई-गोवा मार्गावरही अशा सफरी निघालेल्या आहेत. अशा वाचकांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. प्रवास ठरवतानाच भाड्यात बक्षीस धरलेले आहे काय, ते विचारून घ्यावे आणि नसेल तर ती रक्कम भाड्याचाच भाग मानावी. उतरताना ती कापून घेणे म्हणजे कोणाच्या तरी वेतनात कपात करणे होय. बारच्या पावतीवर टक्केवारी आधीच लागली असेल तर खालची ओळ कोरी सोडण्यात कमीपणा नाही. एखाद्याने मन लावून सेवा केली असे वाटले, तर ती खुशी शेवटच्या रात्री त्याच्या हाती, दोन शब्द बोलून द्यावी. फार मोठी नसली तरी चालते.

परंतु हे झाले प्रवाशाचे कर्तव्य, आणि ते दुय्यम आहे. गोवा सरकारने निवृत्त तारवट्यांसाठी व त्यांच्या विधवांसाठी निवृत्तिवेतनाची योजना काढली, ती स्वागतार्ह आहे. तथापि आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटीवर राबलेल्या माणसाच्या म्हातारपणाचा भार त्याच्या गावच्या तिजोरीवर यावा, यातच त्या व्यवस्थेची उणीव दिसते. गिरणी कामगारांनी बोनसची आणि कर्मचाऱ्यांनी उपदानाची वाट कृपेपासून हक्कापर्यंत चालून दाखवली आहे. बोटीवरच्या बारमनसाठीही तीच वाट आहे. पुरेसे मूळ वेतन करारात लिहिले जावे, ते बोट थांबली तरी मिळावे आणि त्यावर भविष्याची तरतूद व्हावी. मग पाहुण्याने दिलेले बक्षीस त्याने आनंदाने घ्यावे. मानधन ठरलेले असले, तरच आरतीच्या तबकात पडलेल्या नाण्याला खुशीचा अर्थ राहतो.